मदत हवी आहे: हॉटेलात अण्णांना नीट वागवलं नाही. तक्रार कशी करू, की करूच नको?

नमस्कार मंडळी,

मी संभाजीनगरला राहतो, वाळूजला एका कारखान्यात कामाला आहे. गाव सेलू तालुक्यात. चार दिवस झाले, एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लिहिणं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय विचारायचंय ते कळणार नाही.

आमच्या अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या महिन्यात इथं झालं. १६ सप्टेंबरला शेवटची तपासणी होती, त्यासाठी अण्णा आणि माय मराठवाडा एक्सप्रेसनं आले. डॉक्टरांनी सगळं नीट असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन. रझाकारांच्या काळात आमच्या आजोबांनी बायकालेकरं घेऊन रानात रात्री काढल्या, हे अण्णा आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाजवळचं झेंडावंदन एकदा बघायचं, ही त्यांची जुनी इच्छा होती. मी रजा टाकली. बंदोबस्तामुळं लांबच उभं राहावं लागलं, पण झेंडा वर जाताना अण्णांना दिसला. "साफ दिसलं बघ," असं दोनदा म्हणाले. पांढरं धोतर, नेहरू शर्ट, कडक टोपी, पायात गावच्या चांभारानं शिवलेल्या वहाणा. मुद्दाम त्या दिवसासाठी घडी ठेवलेले कपडे होते ते.

यंदा पावसानं सोयाबीन पाण्यात उभं आहे, घरात सगळ्यांचेच चेहरे उतरलेले. म्हटलं, आज आनंदाचा दिवस आहे, बाहेर जेवू. जालना रोडवरचं एक मोठं फॅमिली रेस्टॉरंट निवडलं. नाव लिहीत नाही. त्यांच्या मेन्यूवर ज्वारीची भाकरी आणि पिठलं आहे हे मी आधी बघून ठेवलं होतं, कारण अण्णांना दात थोडे, रोटी चावत नाही.

दारात मॅनेजर उभा होता. त्यानं अण्णांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, वहाणांवर नजर थांबली, आणि मला म्हणाला, "वेळ लागेल. बाहेर बसा." काचेतून आत टेबलं रिकामी दिसत होती. आम्ही पाच जण बाहेर बसलो. आमच्या मागून आलेली दोन कुटुंबं सरळ आत गेली. विचारलं तर "त्यांचं बुकिंग होतं." पुन्हा विचारलं तर उत्तरच नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती म्हणाली, "बाबा, त्यांनी तर फोन केला नव्हता, ते आत्ताच गाडीतून उतरून विचारत होते." चाळीस मिनिटांनी आत घेतलं आणि बेसिनशेजारचं टेबल दिलं. मागं स्वयंपाकघराचं दार. येणाजाणाऱ्याचा धक्का मायच्या खुर्चीला लागत होता. खिडकीजवळचं टेबल मागितलं, तर "ते रिझर्व्ह आहे." आम्ही उठेपर्यंत तिथं कुणीही बसलं नाही.

टेबलावर न विचारता पाण्याच्या दोन बाटल्या फोडून ठेवल्या. भाकरी, पिठलं, वरण, मुलीसाठी पनीरची भाजी सांगितली. आठ-नऊ टेबलांना मिळून एकच पोरगा होता. वीस वर्षांचा असेल. पळून पळून त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. पन्नास मिनिटांनी जेवण आलं, आणि भाकरीऐवजी तंदुरी रोट्या. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "भाकरीवाली बाई आज आली नाही." मग ऑर्डर घेतानाच सांगायला काय झालं होतं?

अण्णा म्हणाले, "राहू दे, उगं कशाला तंटा." त्यांनी रोटीचे तुकडे करून वरणात चुरले आणि हातानं कालवायला लागले. घरी भाकरी चुरून खातात तसंच. तेवढ्यात तो मॅनेजर टेबलाजवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "काका, चमचा आहे ना तिथं. आजूबाजूला लोक जेवतायत." शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

अण्णांनी हात तसाच ताटात ठेवला. मग ताट हळूच पुढं सरकवलं, बेसिनकडं गेले, हात धुतले आणि परत येऊन टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. माझे अण्णा घराबाहेर टोपी काढत नाहीत, मंडळी. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तसं बसलेलं बघितलं.

मी उठून मॅनेजरला बोललो, आवाज चढला. तो म्हणाला, "मी काय वाईट बोललो? इथं सगळ्यांना सारखंच सांगतो." मायनं माझा हात धरला.

वर बिल. जेवणाचे १,४८० रुपये, त्यावर १० टक्के सेवा शुल्क १४८, आणि त्या सगळ्या रकमेवर ५ टक्के जीएसटी ८१ रुपये ४० पैसे. एकूण १,७०९. सेवा शुल्क काढा म्हटलं तर "हॉटेलचा नियम आहे, मेन्यूवर लिहिलंय." अण्णा दारात उभे होते, म्हणून मी यूपीआयनं पैसे भरले आणि निघालो.

आता विचारायचं ते. हे सेवा शुल्क परत मिळतं का, आणि कुणाकडं जायचं? जी वागणूक दिली त्याची तक्रार कुठं होते का, की तेवढं गिळायचंच? तिसरी अडचण मला जास्त सतावते. बिलावर त्या पोराचं नाव छापलंय. निघताना तो एकटाच अण्णांजवळ आला होता. "बाबा, गाव कुठलं?" म्हणाला. तो हिंगोलीकडचा निघाला. अण्णांनी त्याला पाऊसपाणी विचारलं. तक्रार केली की मॅनेजर सगळं त्याच्यावर ढकलेल आणि लेकरू घरी बसेल, ही भीती आहे. आणि शेवटचं, अण्णा तेव्हापासून कुठं चला म्हटलं की "घरीच बरं" म्हणतात. मंगळवारी गावी जाणार आहेत. त्याआधी मी काय करू?

प्रतिसाद, गोदाकाठ:

वाचून जीव तुटला. आधी पैशांचं सांगतो, कारण ते सोपं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्यात. हॉटेलनं बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानंही लावायचं नाही, ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. जेवणाच्या बिलात धरून त्यावर जीएसटी लावायलाही मनाई आहे. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ च्या निकालात या सूचना उचलून धरल्या. म्हणजे "मेन्यूवर लिहिलंय" हे उत्तर चालत नाही. तुमचं बिल १,४८० वर ५ टक्के, म्हणजे १,५५४ व्हायला हवं होतं. १५५ रुपये जास्त घेतले.

१९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून हॉटेलला कळवतात. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती आदेश काढत नाही, पण एवढ्यावर बरेच जण पैसे परत करतात. नाही केले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. घाई नको, पण बिल जपा. थर्मल कागदावरची शाई उडते, आजच फोटो काढा.

एक सांगायला हवं. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं असेल तर तो मुद्दा घेऊ नका. हॉटेलात बसून पिण्याच्या बाटलीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हॉटेलांच्या बाजूनं निकाल दिलाय. न मागता बाटल्या फोडल्या, एवढंच लिहा.

प्रतिसाद, गल्ल्यावरून:

मी नांदेडला बावीस वर्षं हॉटेल चालवतो. आधी तुमच्या अण्णांची माफी मागतो. त्या मॅनेजरच्या वतीनं नाही, आमच्या धंद्याच्या वतीनं. गिऱ्हाईक हातानं कालवून जेवतंय म्हणजे त्याला अन्न गोड लागतंय, एवढं ज्याला कळत नाही त्यानं या धंद्यात राहू नये.

पोराबद्दल तुमची भीती खरी आहे. आमच्याकडं ठपका नेहमी खालच्यावरच येतो. म्हणून तक्रार मॅनेजरला नको, थेट मालकाच्या नावानं, लेखी द्या. त्यात पोराचं नाव आणाच, पण चांगल्यासाठी आणा. "आठ-नऊ टेबलांना एकच माणूस होता, तो सौजन्यानं वागला, उशीर त्याच्यामुळं झालेला नाही." असं लेखी असलं की उद्या त्याला काढणं मालकाला जड जातं. बिलावरचं नाव म्हणजे फक्त केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, कुणी पाडली त्याची नोंद. केओटीवर ऑर्डरची वेळ असते, बिलावर छापल्याची असते. त्या दोन वेळा मालकाला काढून बघायला सांगा, उशीर तिथंच दिसेल. भाकरी सांगितल्यावर बिलावर तंदुरी रोटी आलीय, तोही पुरावा झाला. कायद्यात याला सेवेतील त्रुटी म्हणतात.

आणि ते १४८ रुपये पोराच्या हातात पडतीलच, असं धरू नका. पुष्कळ ठिकाणी ते गल्ल्यातच राहतात. त्याला द्यायचे असतील तर हातात द्यावेत. बिलावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर आहे का तेही बघा, १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं सक्तीचं आहे. नसेल तर तक्रारीत एक ओळ वाढवा.

प्रतिसाद, काळी माती:

तक्रारीचं वरच्यांनी सांगितलंच. मला अण्णांबद्दल बोलायचंय. माझे वडील असेच. त्यांना एकदा बँकेत खुर्चीवरून उठवलं होतं, त्यांनी बँकेत जाणंच सोडलं. आम्ही म्हणालो, जाऊ द्या, आम्ही करतो तुमची कामं. ती आमची चूक झाली. त्यांना वाटलं, आपलं तिथं काम नाही हे लेकरांनीही मान्य केलं. म्हणून मंगळवारच्या आत त्यांना पुन्हा बाहेर जेवायला न्या. "घरीच बरं" म्हणू देत, तरी न्या.

प्रतिसाद, पैठणवेस:

मला हे पटत नाही. म्हाताऱ्या माणसाला ओढून न्यायचं आणि पुन्हा काही झालं तर? मायला भाकरी-ठेचा बांधून द्यायला सांगा आणि पैठणला जा, नाथांच्या समाधीचं दर्शन घ्या, घाटावर बसून जेवा. हवा बदलली की मन बदलतं.

प्रतिसाद, काळी माती:

दर्शनाला जावंच. पण घाटावर डबा खाल्ल्यानं त्या दिवशी जे गेलं ते परत येत नाही. त्यांना कुणीतरी "या, बसा" म्हणून ताट वाढलं पाहिजे. परक्या माणसानं.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल १९१५ ला फोन लागला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. बोलणाऱ्या ताईंनी बिलाचा फोटो मागून घेतला. मालकाला पत्र रात्री लिहिलं. पोराबद्दलचा मजकूर नांदेडच्या दादांनी सांगितला तसाच सगळ्यात वर घातला. बिलावर १४ आकडी नंबर आहे, त्यामुळं तो मुद्दा सोडला.

पत्र अण्णांना वाचून दाखवावं की नाही, हे ठरत नव्हतं. दाखवलं. त्यांनी चष्मा न लावता स्वतःच वाचलं, ओळीवर बोट ठेवून. सेवा शुल्काच्या जागी काही बोलले नाहीत. "चमचा" शब्दाजवळ बोट थांबलं. मग म्हणाले, "हिंगोलीच्या पोराचं नीट लिव्हलंस ना? मग दे धाडून."

"काळी माती" यांचं म्हणणं मला पटलंय. उद्या रविवार, पैठणला जाऊन दर्शन घेऊ, पण डबा नेणार नाही. म्हणून एवढी एकच मदत अजून करा. पैठणमध्ये किंवा येता-जाता बिडकीनजवळ एखादी साधी खानावळ कुणाच्या ओळखीची आहे का, जिथं चुलीवरची ज्वारीची भाकरी गरम मिळते आणि वाढणारा माणूस बोलका आहे? बसायला सतरंजी असली तरी चालेल. माय म्हणते, भाकरी थोडी जाडच असू द्या, चुरायला बरी. आज रात्री नऊपर्यंत सांगितलं तर सकाळी त्यांना फोन करून पाच माणसांचं सांगून ठेवीन.