शब्दचर्चा: किडूकमिडूक

शोभेच्या बारीकसारीक वस्तूंना मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की हल्ली 'किडूकमिडूक' हे उत्तर हमखास येतं. कीचेन, फ्रिजवरची चुंबकं, जत्रेतल्या अंगठ्या, सगळं त्यातच. अर्थ असा पसरणं स्वाभाविक आहे, पण या शब्दाचा जीव सोन्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

'आईनं होतं नव्हतं ते किडूकमिडूक विकून फी भरली.' या वाक्यात कुणालाही बाहुल्या नि फुलदाण्या दिसत नाहीत. दिसतात त्या कानातल्या कुड्या, नाकातली चमकी, तुटलेल्या बोरमाळेचे मणी, बाळाच्या बिंदल्या. पाटल्या, तोडे, ठुशी यात येत नाहीत, ते डाग, म्हणजे मोठे दागिने. डाग नावानं सांगता येतो, मोजता येतो. किडूकमिडूक मोजत नाहीत, 'दोन किडूकमिडूकं' असं कुणी म्हणत नाही.

जुन्या मापात 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा, म्हणजे गुंज जेमतेम 0.12 ग्रॅमची. पाटल्या तोळ्यांत बोलायच्या, चमकी गुंजांत. हा शब्द त्या गुंजांच्या हिशेबातला. सराफाकडे असा ऐवज 'मोड' म्हणून, म्हणजे मोडायचं जुनं सोनं म्हणून जातो. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख. ती काढून सोनं तोलल्यावर हातात किती कमी उरतं, हे ज्या बायकांनी पाहिलं त्यांच्या तोंडी हा शब्द जास्त. अंगावरचं हे एवढंच त्यांचं हक्काचं स्त्रीधन असायचं.

आता घडणीविषयी. 'किडूक'चा संबंध थेट किड्याशी जोडायचा मोह होतो, पण मला तो पटत नाही. शब्दाचं काम नादावर चाललंय: दोन्ही अंगांत ऱ्हस्व इकार, मग 'डूक'. उच्चारतानाच वस्तू चिमुकली होते. 'चहाबिहा', 'पुस्तकबिस्तक' असे जोड आपण बोलता बोलता पाडतो. त्या चालीनं हा 'किडूकबिडूक' व्हायला हवा होता. तो 'मि' घेऊन पक्का झालाय, म्हणजे आयत्या वेळी पाडलेला जोड नव्हे, रुळलेला शब्द आहे.

'सटरफटर' हा त्याचा पर्याय मुळीच नाही. सटरफटर फेकून देता येतं. किडूकमिडूक डब्यात, पुरचुंडीत, लुगड्यांच्या घडीत जपलेलं असतं. म्हणून कीचेनला मी सटरफटरच म्हणेन.

तुमच्या भागात सोन्याच्या अशा बारीक ऐवजाला वेगळा शब्द आहे का? घरात बोलला जाणारा असेल तर वाक्यासकट सांगा.