पुढच्या वर्षी टेबलावर एकमेकांविरुद्ध कमी खेळावे का?

सोंगटीवाला (धरमपेठ):

सरत्या २०२५ मध्ये मी एक साधी वही ठेवली होती. रविवारी संध्याकाळी नागपुरातल्या आमच्या घरी जो बैठा खेळ झाला त्याचे नाव, बसलेल्या माणसांची संख्या, लागलेला वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'पुन्हा येतो असे कोण म्हणाले' एवढेच मी त्यात लिहीत असे. कोण जिंकले हे लिहिणे मी महिन्याभरातच सोडून दिले, कारण ते नाव बहुतेक वेळा एकच असे आणि ते माझे नव्हते. वर्षात ४१ रविवार खेळ झाला. जानेवारीत टेबलाभोवती सात जण होते, मे महिन्यात पाच आणि दिवाळीनंतर तीन. त्या तिघांपैकी एक माझा मुलगा आहे, म्हणजे त्याला तसाही इलाज नव्हता.

मे महिन्यातली गळती मी उन्हाच्या खात्यावर टाकायला तयार आहे. ४५ अंशांत प्रतापनगरहून धरमपेठेत येणे हेच मोठे सौजन्य, आणि जो येतो त्याचे पत्ते कूलरच्या वाऱ्याने उडतात व दमट हवेने वाकतात. परंतु पाऊस सुरू झाल्यावरही माणसे परतली नाहीत, तेव्हा मी वही शेवटच्या रकान्यापासून उलटी वाचायला घेतली. 'कटान' (फासे टाकून मेंढ्या, लाकूड असा माल मिळवून बेटावर वसाहती आणि रस्ते बांधायचा पटखेळ) १७ वेळा झाला होता आणि 'व्यापार' ९ वेळा. 'व्यापार'मध्ये दिवाळे निघालेला माणूस उरलेला वेळ चहा करतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. 'कटान'मध्ये कोणी बाद होत नाही, पण पहिल्या दोन वसाहती चुकीच्या जागी बसल्या आणि शेजाऱ्याने रस्ता अडवला, तर दहा गुणांपर्यंत कोणी पोहोचेपर्यंत नुसते बसून राहावे लागते. आमचे एक स्नेही जुलैत म्हणाले की, मी दोन तास मेंढ्या मोजल्या आणि आता घरी जाऊन झोपतो. ते पुन्हा आले नाहीत.

याउलट 'पँडेमिक' आम्ही केवळ चारदा खेळलो, त्यांपैकी तीनदा सगळेच हरलो, आणि त्या चारही दिवशी शेवटच्या रकान्यात सर्वांची नावे आहेत. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅट लीकॉक यांनी रचलेला हा खेळ २००८ मध्ये आला आणि यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात. पटावर जगातील ४८ शहरे आहेत, त्यांत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई आहेत (नागपूर नाही, याबद्दल आमच्याकडे पहिल्याच दिवशी निषेध नोंदवला गेला). चार रंगांच्या ठोकळ्यांनी दाखवलेले चार रोग पसरत असतात आणि आपल्या पाळीत प्रत्येकाला चार कृती मिळतात. चारही रोगांवर औषध सापडले तर सगळे जिंकतात. आठवा उद्रेक (म्हणजे रोग एका शहरातून शेजारच्या शहरांत उसळणे) झाला, एखाद्या रंगाचे ठोकळे संपले किंवा उचलायचे पत्ते संपले, तर सगळे हरतात. जिंकण्याचा मार्ग एक आणि हरण्याचे तीन. त्यातही महामारीचा पत्ता निघाला की, आधी येऊन गेलेल्या शहरांचे पत्ते पिसून पुन्हा गठ्ठ्याच्या वर ठेवले जातात, त्यामुळे जिथे आताच आग विझवली तिथूनच पुन्हा धूर निघतो. रोगाची ही चाल मला कोणत्याही माणसाच्या चालीपेक्षा अधिक खुनशी वाटते.

म्हणून पुढच्या वर्षी महिन्यातले निदान दोन रविवार फक्त सहकारी खेळांसाठी राखून ठेवावेत, असा माझा विचार आहे. पहिले तीन महिने 'पँडेमिक', उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांबरोबर लीकॉक यांचाच 'फॉरबिडन आयलंड' आणि पावसाळ्यात 'स्पिरिट आयलंड', अशी योजना आहे. ही केवळ माझी हौस नव्हे. जर्मनीतील 'श्पील डेस यारेस' हा या क्षेत्रातला सर्वांत मानाचा वार्षिक पुरस्कार २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे 'डोर्फरोमांटिक', 'स्काय टीम' आणि 'बॉम्ब बस्टर्स' या सहकारी खेळांनाच मिळाला आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते मोकळेपणाने मांडावे.

उंट तिरका:

माझे मत वेगळे आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. आपल्या वहीतून स्पर्धा दोषी ठरत नाही, खेळांची निवड दोषी ठरते. जो खेळ दोन तास चालतो, ज्याचा निकाल पहिल्या अर्ध्या तासात लागतो आणि जो दर वेळी एकच माणूस जिंकतो, तो १७ वेळा मांडल्यावर माणसे कंटाळणारच. त्यावर उपाय म्हणजे अर्ध्या तासाचे खेळ आणणे, किंवा जिंकणाऱ्यावर थोडे ओझे टाकणे. प्रतिस्पर्धीच काढून टाकणे म्हणजे भाजी तिखट झाली म्हणून जेवणच बंद करण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा माझ्या स्वतःच्या अनुभवाचा आहे. मनीषनगरला एका मित्राकडे मी याच 'पँडेमिक'ला बसलो होतो आणि माझ्याकडे वैद्याची भूमिका होती. यजमान या खेळात मुरलेले होते. माझी पाळी येण्यापूर्वीच मी काय करायचे ते ठरलेले असे. मी फक्त प्यादे उचलून त्यांनी बोट ठेवलेल्या शहरात नेत होतो. दीड तासाने आम्ही जिंकलो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपण नेमके काय जिंकलो हे मला अजून समजलेले नाही. सर्व माहिती सर्वांसमोर उघडी असेल, तर सर्वांत हुशार माणसाने चौघांच्या वतीने खेळणे हाच तर्काला धरून मार्ग ठरतो, म्हणजे हा यजमानांच्या स्वभावाचा दोष नसून रचनेचा दोष आहे. असा खेळ एकट्याने सोडवायचे कोडे आहे, त्याभोवती चार खुर्च्या मांडल्या एवढेच.

आणि तिसरे म्हणजे, समोरच्या माणसाकडून हरण्याला काही पर्याय नाही. आपल्याच शहरातील दिव्या देशमुख यांनी जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमीला बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हम्पी यांना टायब्रेकमध्ये हरवले आणि त्याच विजयाने त्या ग्रँडमास्टर झाल्या. त्या पातळीपर्यंत जाणारा माणूस आधी शेकडो वेळा कोणाकडून तरी हरलेला असतो आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या डोक्यात काय चालले होते हे घरी जाऊन शोधत असतो. पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या डोक्यात काहीच चाललेले नसते.

दुसरी पाळी (रामदासपेठ):

मला दोन्ही बाजूंपेक्षा त्या शेवटच्या रकान्याबद्दल शंका आहे. 'पुन्हा येतो' असे नागपूरकर कोणालाही म्हणतो. ज्या चार दिवशी सगळ्यांनी तसे म्हटले, त्या दिवशी तर्री-पोहे होते किंवा कसे, याचा रकाना वहीत आहे काय?

हुकमाची राणी (महाल):

उंट तिरका यांचा रचनेविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यांनी तो एका खेळावरून उचलून सगळ्या प्रकारावर ठेवला, हे मान्य नाही. त्यासाठी मला जर्मनीला जाण्याआधी महालातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात जावे लागेल.

तिथे दुपारी मेंढीकोट चालत असे. (आमच्याकडे मेंढी म्हणजे दश्शी, धरमपेठेतल्या मेंढ्या वेगळ्या.) समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू, चारपैकी तीन दश्श्या ज्यांच्याकडे आल्या त्यांचा डाव, आणि चारही आल्या तर समोरच्यांवर कोट. भिडूशी बोलायचे नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, आणि तरीही आपल्या हातात काय आहे ते त्याला कळले पाहिजे. माझ्या आजेसासूबाई एखादी दुर्री अशा वेळी टाकत की, त्या रंगाची उतारी पुन्हा करू नकोस हे समोरच्याला न सांगता समजे. भिडूसाठी कोणी दुसरा विचार करू शकत नसे, कारण त्याचे पत्ते कोणाला दिसतच नसत. सहकार्य आणि स्वतंत्र बुद्धी एकाच वेळी लागते ती अशा ठिकाणी.

आता 'द क्रू' हा थॉमस सिंग यांचा २०१९ चा खेळ पाहा. तो जवळजवळ मेंढीकोटच आहे, फक्त समोरची जोडी काढून टाकून सर्वांनाच भिडू केले आहे. चार रंगांचे १ ते ९ असे ३६ पत्ते, आणि त्यांवर नेहमीच हुकूम असणारे चार अग्निबाण. आलेला रंग पाळावाच लागतो. प्रत्येक डावात ठरलेले पत्ते ठरलेल्या माणसाच्याच हातात पडले पाहिजेत, उदाहरणार्थ हिरवी सत्ती तुम्हीच जिंकायची आणि पिवळी एक्की मी. (एक हा इथे सर्वांत लहान पत्ता आहे, त्यामुळे तो जिंकणे किती अवघड ते पत्ते खेळणाऱ्यांना सांगायला नको.) बोलायला बंदी. डावात एकदाच आपला एक पत्ता उघडा मांडून, तो त्या रंगाचा आपला सर्वांत मोठा, सर्वांत लहान किंवा एकुलता एक आहे, एवढेच दाखवता येते. अशा ५० मोहिमा चढत्या क्रमाने येतात. आंत्वान बोझा यांच्या 'हानाबी'त तर याहून गंमत आहे: स्वतःचे पत्ते स्वतःलाच दिसत नाहीत, ते उलटे धरून दुसऱ्यांना दाखवायचे असतात, आणि रंग किंवा आकडा यांपैकी एकच गोष्ट सांगणारे इशारे एका वेळी फार तर आठ हाताशी असतात. इथे मनीषनगरच्या यजमानांनी चौघांच्या वतीने खेळून दाखवावे.

म्हणून माझा आक्षेप सोंगटीवाला यांच्या क्रमावर आहे. ज्या खेळात म्होरक्या तयार होतो, तोच त्यांनी पहिले तीन महिने ठेवला आहे.

सोंगटीवाला (धरमपेठ):

आधी तर्री-पोह्यांचे: चारपैकी एकाच दिवशी होते.

उंट तिरका यांचा दुसरा मुद्दा वाचून मी मुलाला विचारले की, आपल्याकडेही असे होते का. तो म्हणाला, "बाबा, माझी पाळी तुम्हीच तर खेळता." हे उत्तर वहीत कोणत्याच रकान्यात नव्हते. मला वाटत होते की मी सुचवतो आहे. समोरच्याला तो आदेश वाटत होता. त्यामुळे हुकमाची राणी यांची सूचना मान्य करून पहिले तीन महिने 'द क्रू' ठेवतो आणि 'पँडेमिक' मागे नेतो. तोही खेळताना, ज्याची पाळी आहे त्याने विचारल्याशिवाय इतरांनी बोलायचे नाही, असा नियम करू. 'स्पिरिट आयलंड' मात्र मी सोडणार नाही. त्यात सगळे एकाच वेळी आपापले पत्ते निवडतात आणि प्रत्येक खेळाडूच्या भूतात्म्याच्या शक्ती इतक्या निराळ्या असतात की, स्वतःचे सांभाळतानाच घाम फुटतो; शेजाऱ्याच्या हातात डोकवायला उसंत मिळत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी असहमत आहे. 'कटान' हरलेला माणूस आमच्याकडे फाशांना शिव्या देऊन उठतो. 'पँडेमिक' हरल्यावर आम्ही रात्री दहापर्यंत त्याच पटाभोवती उभे होतो, आणि कराचीचे ठोकळे दोन पाळ्या आधी उचलले असते तर काय झाले असते, यावर वाद घालत होतो. गठ्ठ्याच्या डोक्यात काही नसेल, पण त्या दिवशी आमच्या डोक्यात बरेच काही होते.

उंट तिरका:

'विचारल्याशिवाय बोलू नका' हा नियम म्हणजे ठिगळ आहे; ज्याला उत्तर दिसते आहे त्याने गप्प बसण्याचे सोंग घ्यायचे, हा खेळाचा भाग कसा होईल? 'द क्रू'बद्दलचा युक्तिवाद मात्र मला पटला. तो खेळ मी खेळलेलो नाही, मेंढीकोट मात्र आयुष्यभर खेळलो आहे.

आणि म्हणूनच एक गोष्ट हुकमाची राणी यांना विचारतो, कारण ती त्यांनी सोयीस्करपणे माजघरातच ठेवली आहे. भिडूने हुकूम चुकीच्या वेळी मारला की पुढे काय होत असे? आमच्या घरी दोन काकांनी अशाच एका दश्शीवरून आठवडाभर अबोला धरला होता. मी बुद्धिबळात चुकतो तेव्हा माझा डाव जातो आणि विषय तिथेच संपतो. सहकारी खेळात माझ्या चुकीने चौघे हरतात. नवख्या किंवा मंद खेळणाऱ्या माणसासाठी हे ओझे स्पर्धेपेक्षा जड आहे, आणि आपली गळती थांबवायला निघालेल्या यजमानांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

हुकमाची राणी (महाल):

अबोला आमच्याकडेही झाला आहे, नाकारत नाही. आजेसासूबाई तर चुकलेल्या भिडूला रात्रीच्या भाकरीपर्यंत ऐकवत असत. फरक इतकाच की, 'द क्रू'ची मोहीम फसली तर तीच मोहीम पत्ते पिसून लगेच पुन्हा खेळतात आणि एक डाव थोड्या मिनिटांचा असतो. चूक करणाऱ्याला ती दुरुस्त करायला पुढच्या रविवारची वाट पाहावी लागत नाही. तरीही नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी विसाव्या मोहिमेला बसवू नये, हे मी मान्य करते. प्रत्येक नवा माणूस आला की पहिल्या मोहिमेपासून सुरुवात करावी.

सोंगटीवाला (धरमपेठ):

तसेच करू. जानेवारीचा पहिला रविवार, संध्याकाळी पाच वाजता. एप्रिलपर्यंत कूलर लागणार नाही, त्याआधी पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटे घालून ठेवतो. उंट तिरका यांच्यासाठी शेजारच्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडलेला असेल, म्हणजे त्यांना पळून जायला जागा राहील.

उंट तिरका:

येतो. पट मांडून ठेवाच. आणि कोण जिंकले हा रकाना वहीत पुन्हा सुरू करावा. नावे नकोत, पण 'आपण' की 'गठ्ठा' एवढे तरी लिहीत जावे.