वाकडचं भाडं आणि शाहूपुरीची जागा

ग्रुप: सातारकर, असाल तिथे

दादा वाकड: मंडळी, मालकाचा मेसेज आला. ऑगस्टपासून नवा करार, ३४ चे ३८ हजार. वर एजंटाला पुन्हा पैसे. आता बास. साताऱ्यालाच यायचं म्हणतोय. शाहूपुरीत टू बीएचके बघितलाय, ११ हजार. गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो.

काका: या या! टँकरची कटकट सुटेल. आमच्या पेठेत नळाला कासचं पाणी येतं. शाहूपुरीचं मात्र विचारून घे.

आत्या ठाणे: [दत्तगुरूंचा फोटो]

आत्या ठाणे: अरे हे आत्ता वाचलं. छान बातमी. पण वहिनीला विचारलंस का?

दादा वाकड: तिलाही हवंच आहे.

बंड्या: ऑफिसचं काय करणार?

दादा वाकड: आठवड्यातून सलग दोनच दिवस हिंजवडी. पहाटे निघायचं, एक रात्र मित्राकडे. महिन्याला चार फेऱ्या. वंदे भारत आहेच की.

काका: ती पुण्यात पोचते दुपारी. शिवाय स्टेशन माहुलीला. तुला गाडीच काढावी लागणार. जाऊन-येऊन २२० किलोमीटर, आनेवाडी आणि खेड-शिवापूर दोन्ही टोल. खंबाटकीत ट्रक बंद पडला तर देव आठवतो.

दादा वाकड: धरलंय काका. पेट्रोल-टोल मिळून ८ हजार. ३८ वजा ११ म्हणजे २७ वाचतात, त्यातून ८ गेले. तरी १९ राहतात.

काका: मी पोस्टात असताना पुण्याहून इकडे बदली मागून घेतली, तर घरभाडे भत्ताच उतरला. आजही केंद्राच्या हिशोबात पुणे एक्स वर्गात, सांगली-कोल्हापूर वाय आणि आपलं सातारा झेड. मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. गाव बदललं की सरकार आधी तुझ्या खिशाकडे बघतं.

दादा वाकड: माझा पगार तोच राहणार. लॅपटॉप वाकडला उघडा नाहीतर शाहूपुरीत, कंपनीला काय!

बंड्या: म्हणून तुला स्वस्त वाटतंय.

दादा वाकड: म्हणजे?

बंड्या: मला एमआयडीसीत हातात १६ येतात. करंज्यात वन आरके, भाडं साडेपाच. पगाराचा तिसरा हिस्सा गेला. तुझे ३८ तुझ्या पगाराचा तिसरा हिस्सा आहेत का?

बंड्या: शाहूपुरीत मी दोन वर्षांपूर्वी अशीच जागा बघितली, तेव्हा ७ सांगत होते. तेव्हाही परवडली नाही. मग तुमच्यासारखे लॅपटॉपवाले यायला लागले. घासाघीस करत नाहीत, मालक म्हणेल त्याला हो. आता ११. तुला वाटतं गाव स्वस्त आहे. अरे, गाव स्वस्त नाही, तुझा पगार पुण्याचा आहे.

आत्या ठाणे: बंड्या, दादाशी नीट बोल.

दादा वाकड: बोलू दे आत्या. खोटं नाही सांगत तो.

बंड्या: रागावून नाही बोलत गं आत्या. ये म्हणतोय मी त्याला. फक्त ११ ला हो म्हणू नकोस रे, पुढच्याला १२ पडतील.

काका: स्वस्त भाडं हवं तर आमच्या खालच्या भाडेकरूला भेटा. अजून २६० रुपये देतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मागता येते. म्हणजे दहा रुपये चाळीस पैसे. मागायला गेलो की तो चहा पाजतो, त्या चहाची लाज वाटून परत येतो.

आत्या ठाणे: 😂 त्यालाच सांग, दादाला पोटभाडेकरू ठेव.

वहिनी: काका, आत्या, मी मघापासून वाचत होते. यायचं मलाही आहे. सायलीला सायकल चालवायला रस्ता मिळेल, इथे पार्किंगमध्ये गोल गोल फिरते. पण ह्यांनी माझा हिशोब धरलाच नाही. माझं काम सीएच्या ऑफिसातलं, घरून नाही होत. इथे ३० मिळतात. साताऱ्यात दोन ठिकाणी फोन केला, दोघांनीही १२ सांगितले. म्हणजे महिना १८ हजार कमी.

दादा वाकड: १९ वजा १८.

वहिनी: उरला एक हजार. त्यात सायलीच्या नव्या शाळेची ॲडमिशन, सामानाचा टेम्पो आणि तुमच्या मित्राला दर आठवड्याला पेढे.

दादा वाकड: हा संदेश हटवला आहे

काका: काय लिहिलं होतंस रे?

वहिनी: मी वाचलंय. रात्री बोलू.

आत्या ठाणे: बोला शांतपणे. आणि आपल्याच माणसाकडून ११ घेऊ नका म्हणावं त्या मालकाला.

(दुसऱ्या दिवशी)

दादा वाकड: मालकाशी बोललो. ३६ वर आला. डिपॉझिट तेवढंच. अकरा महिने काढू, तोवर हिला इकडचंच कुणी घरून काम देतंय का बघू.

काका: बरं. गणपतीत तरी या.

बंड्या: दादा, शाहूपुरीच्या मालकाचा नंबर टाक ना. ९ ला देतो का विचारतो. मित्र आणि मी मिळून घेऊ.

दादा वाकड: टाकतो. पण सकाळीच त्याचा फोन होता. मी नाही म्हटलं तर म्हणाला, हरकत नाही, परवा हिंजवडीचा एक जण बघून गेलाय, साडेअकरा देतोय.