मदत हवी: १९८८ आणि २०२४ च्या नकाशांत हवा तो फरकच दिसत नाहीये!

उद्या_सबमिशन: लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट, उद्या द्यायचाय. अमेरिकेतल्या कुठल्या राज्यांनी पक्ष बदलला ते दाखवायचंय. दोन नकाशे शेजारी ठेवलेत. कॅलिफोर्निया तेव्हाही निळं, आताही निळं. वेस्ट व्हर्जिनिया दोन्हीकडे लाल. आमचं न्यू जर्सीही जैसे थे. सगळे म्हणतात याच राज्यांत उलथापालथ झाली, मग ती गेली कुठे? प्लीज लवकर.

बोरकूट: अध्यक्षपदाची निवडणूक की सिनेटची? जुना नकाशा कुठला?

उद्या_सबमिशन: अध्यक्षपदाचीच हो. नेटवर मिळाला.

कोकणी_मिर्ची: सगळं १९६४ पासून सुरू झालं. नागरी हक्क कायदा आला आणि त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरने डेमोक्रॅटांची दक्षिणेतली पाच राज्यं मारली, साउथ कॅरोलायना धरून.

तिरपागडा: सगळं कसं? वेस्ट व्हर्जिनिया १९९६ पर्यंत डेमोक्रॅट क्लिंटनकडे होतं. खाणकामगारांची युनियन खिळखिळी झाली, कोळशावरून डेमोक्रॅटांशी बिनसलं, आणि २००० ला ते रिपब्लिकन धाकट्या बुशकडे. जिंकायला २७० इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांना ठरवून दिलेली मतं) लागतात; या राज्याची ५ नसती तर २७१ वाला बुश घरी बसला असता.

कोकणी_मिर्ची: साउथ कॅरोलायनात कुठल्या कोळशाच्या खाणी, तेही सांगा.

नाक्यावरचा_भाऊ: ग्रीनकार्डवर मत देता येत नाही हं. आधी नागरिकत्वाचा अर्ज भरा.

उद्या_सबमिशन: भाऊ, मी ते विचारलंच नाहीये!!

बोरकूट: जुन्या नकाशात मॅसॅच्युसेट्स कोणत्या रंगाचं?

उद्या_सबमिशन: लाल.

बोरकूट: मग झालं. १९८८ चा डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस तिथलाच गव्हर्नर, ते राज्य त्यालाच गेलं होतं. तुमच्या नकाशात डेमोक्रॅट लाल आहेत. लाल म्हणजे रिपब्लिकन हे २००० च्या निवडणुकीपासून पक्कं झालं, आधी चॅनेलागणिक रंग वेगळे असायचे. काही साइटवर अजूनही उलटेच आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी १९८८ ला रिपब्लिकन थोरल्या बुशकडे होती, १९९२ पासून सलग डेमोक्रॅट. तुम्हाला जे तसंच दिसतंय तेच पलटलंय.

उद्या_सबमिशन: अरे देवा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय खरं. आणि लेकीने टेक्ससवर ‘पलटलं’ म्हणून चांदणी चिकटवलीय! पन्नासही राज्यं स्केचपेनने रंगवून झालीत, आता?

तिरपागडा: टेक्सस १९८८ लाही रिपब्लिकनांकडेच होतं. रंग राहू द्या, जुन्या नकाशाखाली ‘लाल = डेमोक्रॅट’ ठळक लिहा. चांदण्या मात्र सगळ्या उचकटा.

कोकणी_मिर्ची: आणि तिसरा नकाशा १९६४ चा लावाच.

उद्या_सबमिशन: ती झोपलीय. चांदण्या मीच काढतेय, कागद फाटतोय.

नाक्यावरचा_भाऊ: अर्जाचं काय ठरलं?