मदत हवी आहे: यीस्टच्या सेंट्रोमिअरवर सीएसई४ हे प्रथिन टिकत नाही
नमस्कार. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचा सुमारे १२५ बेसजोड्यांचा सेंट्रोमिअर-डीएनए (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते तो भाग) चुंबकीय मण्यांवर बांधून, पेशींच्या अर्कातली प्रथिने त्यावर कोणत्या क्रमाने बसतात, हे मी तपासत आहे. या डीएनएच्या तीन घटकांपैकी पहिल्यावर सीबीएफ१ आणि तिसऱ्यावर सीईपी३ ही प्रथिने नीट दिसतात. तिसऱ्यातली सीसीजी ही अक्षरे बदलली की सीईपी३ गायब होते, म्हणजे तेवढा भाग तरी विश्वासार्ह आहे. अडचण मधल्या, ए-टीने गच्च भरलेल्या घटकाची आहे. तिथे सीएसई४ या हिस्टोनचा (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्यांपैकी एका प्रथिनाचा) न्यूक्लिओसोम, म्हणजे अशी एक गुंडाळी, बनायला हवा, पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) त्याची पट्टी जेमतेम उमटते. सीएसई४ला आणून बसवणारे एससीएम३ हे प्रथिन अर्कात कमी पडते, की पीएसएच१ हे एन्झाइम त्याला युबिक्विटिन (नाशाची खूण ठरणारे छोटे प्रथिन) लावून नष्ट करवते? पीएसएच१ नसलेला वाण कोणी वापरला असल्यास, पेशी कोणत्या अवस्थेत गोळा केल्या आणि धुण्याच्या द्रावणात मीठ किती ठेवले, हे कृपया कळवावे.