विषय: मिडल स्कूलवाले आईबाबा, शाळा सुरू होतेय, इकडे बघा

प्रेषक: मंडळ सेक्रेटरी
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

मंडळी नमस्कार,

लेबर डे यंदा १ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या इथल्या बहुतेक शाळा त्याच आठवड्यात उघडणार आणि गणपती बसतायत बुधवारी २७ ला, त्यामुळे मोदक आणि दप्तर यंदा एकाच वेळी आहे. "आधी का नाही सांगितलं" असे फोन दरवर्षी येतात म्हणून आत्ताच लिहितेय.

सहावीत जाणाऱ्यांनी टीडॅप आणि मेनिंगोकॉकल या दोन लसी बघा, न्यू जर्सीत त्या लागतातच, डॉक्टरची सही असलेला कागद शाळेच्या नर्सकडे गेला का तेही बघा. मागच्या वर्षी निदान तीन घरांत कागद फ्रिजच्या दारावरच राहिला होता (त्यातलं एक घर माझं).

दुसरं लॉकर. हसू नका, पहिल्या आठवड्यात पोरं गणितापेक्षा लॉकरला जास्त घाबरतात. आकड्यांचं कुलूप आत्ताच आणा आणि घरी सराव करून घ्या: आधी उजवीकडे दोन-तीन फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबा, मग डावीकडे, पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर, मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर, आणि ओढा. दुसऱ्या आकड्याला एक फेरा जास्त लागतो हेच सगळे विसरतात.

गणपतीच्या हॉलमध्ये दाराशी एक टेबल ठेवतोय, जुने बाइंडर, कॅल्क्युलेटर, लहान झालेले पीईचे कपडे (धुऊन!!) आणून ठेवा, ज्याला लागेल तो नेईल.

सेक्रेटरी

---

प्रेषक: नागपूर, प्रतापनगर
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

वहिनी, आम्ही जूनमध्ये नागपूरला परत आलो तरी लिस्टमधून आमचं नाव काढायचं राहिलंय, आणि राहू द्या, तुमचा हा मेल आला नाही तर मला शाळा सुरू झाल्यासारखं वाटत नाही. आमची तर सुरू होऊन दोन महिने झाले. मुंबई-पुण्याकडे १६ जूनला उघडल्या, आपल्याकडे विदर्भात उन्हापायी आठवडाभर उशिरा, २३ जूनला. आमच्या पोट्टीनं तिकडे सहावीच्या शेवटच्या दिवशी यिअरबुकवर सह्या घेतल्या, पाचव्या दिवशी विमानात बसली आणि उतरली ती थेट सातवीच्या वर्गात, उन्हाळ्याची सुट्टी म्हणून जी काय असते ती विमानात झाली.

काल इथे तान्हा पोळा आणि मारबत, शाळेला सुट्टी. बारा वर्षांची घोडी लाकडी बैल घेऊन कशी फिरणार म्हणून ती लाजून राहिली होती, पण सकाळी इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक बघितली, "घेऊन जाय गे मारबत" ओरडून घसा बसवून आली आणि संध्याकाळी आजीनं माळ्यावरचा माझा जुना बैल काढून दिला तर गपचूप त्याच्या शिंगांना बेगड लावून राहिली होती.

लॉकर इथे नाही हो, सगळं पाठीवर. पण ते कुलूप आम्ही आणलंय, ते आता गच्चीच्या दाराला आहे.

---

प्रेषक: एडिसन, (मूळ धरमपेठ)
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ताई, बरं झालं तुम्ही लिहिलं. आमचं डिसेंबरमध्ये परत यायचं जवळजवळ ठरलंय, ह्यांच्या आईंची तब्येत बरी नसते. मुलगा या सप्टेंबरात सातवीत जाईल. मध्येच वर्षात घेतात का? कुठला वर्ग देतात, परीक्षा घेतात का, सगळे सांगतायत सीबीएसईच बघ, आणि त्याचं मराठी म्हणजे बोलतो छान पण लिहिणं शून्य. प्लीज जरा सविस्तर लिहा, इथे विचारायला कोणी नाही.

---

प्रेषक: नागपूर, प्रतापनगर
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

सविस्तर म्हणालीस न, आता भोग.

वर्ग वयाप्रमाणे देतात. आठवीपर्यंत आरटीई म्हणजे शिक्षणहक्काचा कायदा आहे, त्यात वयाला साजेसा वर्ग द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. हे कायद्यात. प्रत्यक्षात आम्ही ज्या पहिल्या शाळेत गेलो तिथल्या क्लार्कबाईंनी "टीसी कुठाय" शिवाय दुसरं वाक्यच बोललं नाही. अमेरिकन शाळा टीसी नावाचं काही देत नाही हे त्यांना पटवता पटवता माझी साडी घामानं भिजली, जूनअखेरचा तो उकाडा तुला आठवतो का, पाऊस धड पडत नाही आणि कूलर लावला तर नुसता चिकचिकाट. तर तू निघायच्या आधी तिथल्या शाळेकडून लेटरहेडवर पत्र घे: मुलगा अमुक वर्ग पूर्ण करून अमुक तारखेला शाळा सोडतोय, सही, शिक्का. शिक्का नसतो म्हणतील, नाव उमटवणारं काही असेल ते दाबून घे, इथे गोल काहीतरी निळं दिसलं की माणसं शांत होतात.

प्रवेशाची परीक्षा कायद्यानं घेता येत नाही, पण "मुलगी कशी आहे ते बघू" म्हणून एक पान मराठी लिहायला लावलंच.

आधार: मुलाकडे ओसीआय (परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) असेल तर मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहणं झाल्याशिवाय आधार निघत नाही. आम्ही जूनअखेर आलो म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत थांबा. शाळा दर पंधरा दिवसांनी विचारते, मी दर पंधरा दिवसांनी तेच सांगते, प्रवेश काही अडला नाही.

आता खरी गोष्ट. सगळ्यांनी मलाही सीबीएसईच सांगितलं. पण त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, थोडे आठवडे शिकवतात, मग उन्हाळी सुट्टी आणि जूनअखेर परत पुढे चालू. म्हणजे आपलं पोर गेलं की पहिला-दुसरा धडा झालेला, मैत्र्या जमलेल्या, बाक ठरलेले. त्यात सीबीएसईला लागणारी सातवीची एनसीईआरटीची पुस्तकं यंदाच बदलली, त्यामुळे शेजारच्या ताईची जुनी पुस्तकं घेऊन आधी वाचून ठेवू म्हटलं तर तेही नाही. स्टेट बोर्डाचं वर्ष जूनमध्येच पहिल्या पानापासून. आमची पोट्टी चार दिवस उशिरा गेली तरी सगळ्यांच्या वह्या कोऱ्याच होत्या. म्हणून मी स्टेट बोर्ड इंग्लिश मीडियम घेतलं आणि अख्ख्या बिल्डिंगनं "अमेरिकेतून आले आणि स्टेट बोर्ड?" असं तोंड केलं. करू द्या.

त्यामुळे विचारशील तर डिसेंबरात नको येऊस. आईंसाठी यायचंच असेल तर एकानं आधी यावं आणि पोरानं तिकडचं वर्ष संपवून जूनमध्ये यावं. मध्येच आलेलं पोर परीक्षेच्या तोंडावर येतं. फक्त एक ध्यानात ठेव, जूनमध्ये तो आठवीत बसेल आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झालं तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. पाचवी आणि आठवी, दोन्हीला.

मराठीचं. बोलण्याचं टेन्शन घेऊ नकोस, आमची दोन महिन्यांत "आई मी जेवण करून राहिली न" म्हणायला लागली. लिहिण्याचं घे. तिला अक्षरं येत होती, मंडळाच्या मराठी शाळेत भारती विद्यापीठाचा अभ्यासक्रम केला होता, पण वेग नाही. बाई फळ्यावर दहा ओळी लिहून पुसतात, ही चौथ्या ओळीवर. पहिल्या महिन्यात तिची वही बघितली तर प्रत्येक उतारा अर्धा, आणि समासात बारीक इंग्लिशमध्ये लिहिलेलं "बाकीचं विचारायचं". कोणाला विचारायचं ते नाही लिहिलेलं. मला तो समास बघून रडू आलं खरं सांगू तर. मग आजीनं रोज रात्री जेवण झालं की दहा मिनिटं श्रुतलेखन सुरू केलं, पेपरमधली कुठली पण बातमी, संत्र्याचे भाव, मेट्रो, काहीही, घड्याळ लावून. आता आठव्या-नवव्या ओळीपर्यंत येते. तुझ्याकडे दहा महिने आहेत, आजच सुरू कर.

---

प्रेषक: नागपूर, बेसा
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

ताईंशी थोडा असहमत. आम्ही २०२२ ला आलो, मिहानमध्ये नोकरी, उद्या बदली हैदराबाद की पुणे माहीत नाही, स्टेट बोर्ड घेतलं असतं तर प्रत्येक वेळी नवा गोंधळ. शिवाय पुढे जेईई-नीट सगळं एनसीईआरटीवर. एप्रिलचं जे बुडतं ते एका महिन्यात भरून निघतं, आमच्या मुलाचं निघालं. आणि सीबीएसईत मराठी नाही असं समजू नका, २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीचं आहे.

डिसेंबर नको हे मात्र बरोबर.

---

प्रेषक: काका, नागपूर, महाल
मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५

सर्वांस नमस्कार. मुलाकडे सहा महिने आलो होतो तेव्हापासून मी या यादीत आहे, कोणी काढले नाही. एकतीस वर्षे गणित शिकवले म्हणून दोन शब्द.

एक. दहावीपर्यंत इथे गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. तिकडून आलेली मुले हुशार असतात, प्रश्न काय विचारलाय ते आपल्या मुलांपेक्षा चांगले समजतात, रीत तोंडी छान सांगतात आणि १७ × ६ ला अडतात. वीसपर्यंत पाढे करून घ्यावे. तीसपर्यंत म्हणणार होतो पण सूनबाई रागावतील.

दोन. बालभारतीच्या पुस्तकांत दोन वर्षे प्रत्येक पाठामागे "माझी नोंद" म्हणून कोरी पाने होती, वह्या कमी लागाव्या हा हेतू. दप्तर जड झाले आणि मुलांनी पानांवर क्रिकेटचे स्कोअर लिहिले. यंदापासून ती काढली. म्हणून कोणी जुने पुस्तक दिले आणि ते जाडजूड दिसले तर घाबरू नये, धडे तेवढेच आहेत.

तीन. सातवीच्या इतिहासात शिवाजी महाराज आणि पुढे मराठ्यांचा विस्तार आहे. प्रतापनगरच्या बाईंनी मुलीला एकदा महालात घेऊन यावे, भोसल्यांचा वाडा दाखवतो, धडा पाठ करावा लागणार नाही. लंडनच्या लिलावात सरकारने घेतलेली रघुजीराजांची तलवार याच १८ तारखेला मुंबईत आली, तेवढे निमित्त पुरे. येताना तर्री पोहे खाऊनच या असे म्हणणार नाही, इथे मिळतातच.

---

प्रेषक: एडिसन, (मूळ धरमपेठ)
मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५

ताई, काका, बेसावाले दादा, तिघांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांच्याशी बोलले. ते एकटे डिसेंबरात जातील, आम्ही दोघं जूनमध्ये. बोर्डाचं अजून भांडण चालू आहे, यांना दादांचं पटलंय आणि मला ताईंचं. श्रुतलेखन काल सुरू केलं, बारा मिनिटांत तीन ओळी, त्यात "शाळा"चा ळ उलटा. येताना इथून काय आणू? वह्या, पेनं?

---

प्रेषक: नागपूर, प्रतापनगर
बुधवार, २७ ऑगस्ट २०२५

वह्या नको ग बाई, आपल्या इकडच्या लाँगबुकांना त्यांचं खाकी कव्हरच बसतं, तिकडची वही आणलीस तर कव्हर पुरत नाही आणि बाई कव्हर बघतातच. जूनमध्ये आम्ही तिघी फरशीवर बसून रात्री साडेअकरापर्यंत कव्हरं घातली, पंखा बंद करून, कारण कागद उडतो. पेन इथे दहा रुपयांत मिळतं. पावसाळी बूट चांगले आण, आणि त्याच्या मित्रांचे पत्ते लिहून आण, कागदावर. फोनमधले आमच्या पोट्टीचे सगळे गेले.

वहिनी, तुमच्या मेलचा इथे काय उपयोग झाला ते ऐका. ते लॉकरचं कुलूप गच्चीच्या दाराला आजीच्या हट्टानं लागलंय, किल्ली हरवण्याची भानगड नाही म्हणून. नंबर अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलाय. पण परवा सकाळी पाण्याची टाकी भरून वाहायला लागली, पोट्टी शाळेत, मी बँकेत, आणि आजी, खालचे भाऊ, वॉचमन असे तिघं दारापुढे आळीपाळीनं कुलूप फिरवून राहिलेले, नंबर तोंडपाठ पण उघडेना, पाणी जिन्यातून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत. शेवटी बटन बंद करायचं कोणाला तरी सुचलं.

संध्याकाळी तुमचा मेल पोट्टीनं आजीला वाचून दाखवला, दुसऱ्या आकड्याला एक फेरा जास्त, ते. मग आजीनं स्वतः सांगितलं आणि पोट्टीनं मोठ्या अक्षरात लिहिलं, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. नऊ ओळी झाल्या, एकही चूक नाही, आणि मी घड्याळ लावायचं विसरले. तो कागद आता गच्चीच्या दाराला चिकटवलाय. गणपती बसले, दुपारी मोदक आहेत, पळते.