मदत हवी आहे: एक्स१००व्ही कॅमेरा जुना (वापरलेला) घ्यावा की एक्स१००व्हीआय नवा?

फुजीफिल्मच्या या दोन्हींत लेन्स तीच, २३ मिमी एफ/२. व्हीआयमध्ये (२०२४) २६ ऐवजी ४० मेगापिक्सेल आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका कंप सावरणारी सोय). दिवेलागणीला हातात धरून १/८ सेकंदाला त्याचा खरंच किती फायदा होतो? हलणारी माणसं पुसटच येणार, ते सोडा.

पावसाळ्यासाठी अ‍ॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावल्याशिवाय लेन्सच्या तोंडाशी पाणी-धूळ अडवणारं सील पुरं होत नाही. तो खर्च दोन्हीकडे धरलाय.

खरी भीती जुन्याची. लेन्स निघत नाही, म्हणजे सेन्सरवर धूळ गेली की घरी पुसता येत नाही. एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र लहान करून, म्हणजे धुळीचे डाग दिसतात) कोऱ्या आकाशाचा फोटो, टॉर्च मारून लेन्समधली बुरशी, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी आतली काच) आत-बाहेर होतो का, एवढं बघणार आहे. आणखी काय तपासू?